"दूध पुरत नव्हतं" असं सांगतात तेव्हा आधी काय काय घडून गेलेलं असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणाऱ्या ताईंना सातवा महिना चालू आहे. मोठ्या बहिणीचं अंगावर पाजणं तीन आठवड्यांत बंद पडलं, नणंदेचं साडेतीन महिन्यांत. दोघींनाही सहा महिने पाजायचं होतं आणि दोघींचं कारण एकच, "दूधच पुरत नव्हतं". इतक्या बायकांना खरंच दूध कमी येतं का, आपलंही तसंच होणार का, आणि बहिणीचं बाळ आता पाच आठवड्यांचं आहे तर तिला परत सुरू करता येईल का.

मी आधी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते, मग लॅक्टेशन कन्सल्टंट (अंगावर पाजण्यात आयांना मदत करणारी) झाले, दोन्ही मिळून 21 वर्षं झाली. दूध बंद झालेली आई समोर आली की मी "का बंद केलंत" असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर मला पाठ आहे. मी विचारते, वरच्या दुधाची पहिली बाटली कधी दिली, कोणी दिली आणि त्या दिवशी घरात काय चाललं होतं. मग बाई जरा थांबते, आठवते, आणि जे सांगते त्यात नव्वद टक्के वेळा (हा माझा अंदाज हं, कुठला सर्व्हे नाही) दुधाचा संबंधच नसतो. रात्रीचे तीन वाजले होते, बाळ दोन तास रडत होतं, निपलला चिरा पडल्या होत्या, मला ताप होता, कोणीतरी म्हणालं की बघ उपाशी आहे ते. बाटली दिली, बाळ गटागटा प्यायलं, तीन तास गाढ झोपलं. झालं, निकाल लागला. आईचं दूध नापास.

आता हा निकाल किती चुकीचा असतो ते सांगते कारण सगळी गोम इथेच आहे. तान्ह्या बाळाच्या तोंडातल्या टाळूला काहीही लागलं की ते चोखतं, भूक असो नसो, तो रिफ्लेक्स आहे, आणि बाटलीतून दूध आपोआप येत राहतं त्यामुळे तोंडात आलं की गिळावंच लागतं. भरल्या पोटीसुद्धा बाळ पुढचे 30-40 मिली पिऊ शकतं. फॉर्म्युला (डब्यातलं पावडरचं दूध) पोटातून सावकाश खाली उतरतो आणि एकदम जास्त गेलेला असतो म्हणून बाळ सुस्तावतं. म्हणजे बाटली प्यायलं आणि झोपलं यावरून ते आधी उपाशी होतं असं अजिबात सिद्ध होत नाही. पण थकलेल्या आईला रात्री तीन वाजता हे कोण सांगणार.

आणि मग पुढची साखळी सुरू होते. दूध मागणीवर बनतं. छाती जितकी रिकामी होईल तितकं नवीन बनतं, भरलेली राहिली की शरीर समजतं गिऱ्हाईक नाही, उत्पादन कमी करा. एक बाटली दिली म्हणजे एक फीड चुकलं, दुसऱ्या दिवशी थोडं कमी, म्हणून बाळ संध्याकाळी जास्त किरकिर करतं, म्हणून दुसरी बाटली. दोन आठवड्यांत दूध खरोखरच कमी झालेलं असतं. आई खोटं बोलत नाही, तिचं दूध शेवटी कमी पडतच असतं, फक्त ते कारण नसतं, परिणाम असतो.

त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही, शरीरानेच दूध बनवता येत नाही अशा बायका फार थोड्या. पण आहेत, आणि त्यांच्याबद्दल पुढे नीट लिहिते कारण त्या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे.

पहिल्या दोन-तीन दिवसांचं बघू आधी. चिकाचं दूध चमच्याच्या मापात येतं, पहिल्या दिवशी एका वेळी जेमतेम एखादा चमचा, आणि बाळाला तेवढंच लागतं. पण खोलीतले सगळे लोक छातीकडे बघून विचारत असतात, दूध आलं का? आलं का दूध? खरं तर वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन झपकन उतरतं आणि तिथून साधारण 2 ते 3 दिवसांनी दूध भरून येतं. पहिली खेप असेल, सिझर झालं असेल, डायबिटीस असेल, रक्तस्राव जास्त झाला असेल तर आणखी एखाद-दुसरा दिवस लागतो. नेमका दुसऱ्या रात्री बाळ एकदम जागं होतं आणि दर अर्ध्या तासाला मागतं, सगळ्या जगात दुसरी रात्र अशीच असते, मी वॉर्डात शेकडो पाहिल्यात, आणि त्याच रात्री सगळ्यात जास्त बाटल्या उघडतात. बाळ तेव्हा दुधाची ऑर्डर देत असतं. वजनही उतरतं, जन्मवजनाच्या 7 टक्क्यांपर्यंत उतरलं तर मी घाबरत नाही, त्यापुढे लक्ष ठेवते, आणि 10 टक्क्यांच्या वर गेलं तर मात्र डॉक्टरांनी लगेच बघायला हवं. डिलिव्हरीत सलाईन भरपूर चढवलेलं असेल तर बाळाचं जन्मवजन थोडं फुगलेलं असतं आणि पहिल्या दिवसाची शू झाली की घट जास्त दिसते, हे कोणी सांगतच नाही. बहुतेक बाळं 10 ते 14 दिवसांत जन्मवजनावर परत येतात.

आता दुखणं. माझ्या मते पहिल्या तीन आठवड्यांत पाजणं सुटण्याचं खरं कारण हेच, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. "सुरुवातीला दुखतंच, सहन कर" हे वाक्य ज्याने कोणी सुरू केलं त्याने फार नुकसान केलंय. पहिले 20-30 सेकंद ओढ लागल्यासारखं होणं ठीक. त्यापुढे पूर्ण फीडभर दात-ओठ खाऊन बसावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

एक केस सांगते (ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत). बाळ 11 दिवसांचं, आई आत आली ती ओढणीच्या आत हात धरून, कपडा लागला तरी कळ येते म्हणाली. बाळ जन्मवजनापेक्षा अजून 180 ग्रॅम खाली. दिवसाला 14-15 वेळा पाजते, प्रत्येक वेळी पाऊण तास, म्हणजे ही बाई दिवसातले अकरा तास पाजत होती आणि तरी तिला सगळे सांगत होते की दूध नाही. मी तिला नेहमीसारखं पाजायला सांगितलं. आधी बाळाचं वजन केलं, त्याच डायपरमध्ये, त्याच कपड्यात, 2 ग्रॅमपर्यंत फरक दाखवणाऱ्या काट्यावर. 40 मिनिटं पाजलं, परत वजन केलं, 12 ग्रॅम. चाळीस मिनिटांत 12 ग्रॅम. आणि बाळाने सोडलं तेव्हा निपल एका बाजूने तिरकं चेपलेलं, नवीन लिपस्टिकचं टोक असतं ना तसं, टोकाला पांढरी रेघ. हे दिसलं की मला बाकी काही विचारावं लागत नाही. बाळ फक्त टोक चोखत होतं, काडीतून प्यायल्यासारखं, म्हणून तिला दुखत होतं आणि म्हणूनच त्याला मिळत नव्हतं. एकच चूक, दोन तक्रारी.

बदललं काय, तर बसणं. ती पुढे वाकून छाती बाळाच्या तोंडात घालत होती. तिला मागे रेलायला लावलं, बाळाला पोटाला पोट लावून असं धरलं की त्याचं नाक निपलसमोर आलं (तोंड समोर आणतात सगळे, ते नको, नाक), डोकं मागून दाबायचं नाही, मान थोडी मागे झुकू द्यायची. निपल वरच्या ओठावर घासायचं आणि थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड. बाळ जांभई दिल्यासारखा मोठा आ करतं त्या क्षणी आधी हनुवटी छातीत रुतली पाहिजे, खालचा ओठ निपलपासून लांब. नीट लागलं की निपलभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो, खाली कमी. पहिल्या दोन खेपांना जमलं नाही, करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवलं, ओढून नाही. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लागलंय ना ते? मला कळतच नाहीये." मी म्हटलं कळत नाहीये तेच बरोबर आहे. मग आवाज यायला लागला, चोख-चोख-गिळ, चोख-गिळ, तो बारीकसा "क्हा" असा आवाज. 20 मिनिटांनी काट्यावर 46 ग्रॅम. तीच बाई, तेच बाळ, तीच छाती.

हे एका बैठकीत दरवेळी होत नाही हं. कधी जीभ खालून बांधलेली असते, टंग-टाय, तेव्हा नुसत्या पोझिशनने भागत नाही आणि डॉक्टरांना दाखवावं लागतं. पण आजकाल प्रत्येक त्रासाला टंग-टाय म्हणायची फॅशन आलीये तीही खरी नाही. आधी लॅच (बाळाची छातीवरची पकड), मग कात्री.

छाती दगडासारखी झाली की बाळाला पकडताच येत नाही, तेव्हा पाजायच्या आधी निपलच्या मुळाशी बोटांनी हलकं आत दाबून एखादं मिनिट धरायचं, सूज मागे सरकते आणि बाळाला तोंडात घ्यायला मऊ जागा मिळते. एका बाजूला लाल पट्टा, ताप, अंगदुखी, म्हणजे मॅस्टायटिस, तेव्हा पाजणं थांबवायचं नाही, दूध बाळाला बाधत नाही. पूर्वी आम्ही गरम शेक, जोरात मसाज, पंप लावून पूर्ण रिकामी करा असं सांगायचो, मीही सांगितलंय वर्षानुवर्षं. 2022 मध्ये अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेने नवीन प्रोटोकॉल काढला त्यात उलट आहे, थंड शेक, हात लावायचाच तर अगदी हलका, बाळ पितं तेवढंच काढायचं, जास्त नाही, कारण चोळून चोळून सूज वाढते आणि जास्त काढलं की आणखी बनतं. 24 तासांत उतार नाही पडला किंवा आधीच बरंच बिघडलेलं असेल तर डॉक्टर, अँटिबायोटिक लागू शकतं, आणि त्यावरही पाजता येतं.

औषधांवरून आठवलं. दात काढायचाय, तापाची गोळी घ्यायचीये, भूल दिलीये, सीटी स्कॅनचा डाय दिलाय, आणि कोणीतरी सहज म्हणतं "दोन दिवस पाजू नका". हे दोन दिवस पुष्कळ जणींना कायमचे पडतात. बहुतेक औषधांना दूध थांबवायची गरज नसते, लॅक्टमेड नावाचा डेटाबेस फुकट उपलब्ध आहे आणि तुमच्या डॉक्टरांना सरळ म्हणा की यात बघून सांगा, किंवा चालणारं दुसरं औषध द्या. खरोखर थांबवावं लागतं ते केमोथेरपी, रेडिओॲक्टिव्ह आयोडीन अशा गोष्टींना, किंवा बाळाला गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर न पचण्याचा जन्मजात आजार) असेल तर. उलट एक गोष्ट कोणी विचारत नाही ती म्हणजे कॉन्ट्रासेप्टिव्ह गोळी. इस्ट्रोजेनवाली गोळी सुरू केली की काही जणींचं दूध घसरतं, सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रिननेही घसरतं. सहा आठवडे छान चाललं होतं आणि अचानक कमी झालं अशी तक्रार आली की मी पहिलं विचारते नवीन काय गिळलंत.

आता तुमच्या नणंदेचं, साडेतीन महिन्यांचं. इथे कारणं वेगळी असतात आणि जास्त फसवी असतात, कारण दुखत तर काहीच नसतं. साधारण दीड-दोन महिन्यांनंतर छाती मऊ पडते, आधीसारखी भरून दगड होत नाही, कपड्यावर ओल येत नाही. बायका म्हणतात दूध आटलं. आटलेलं नसतं, शरीराला बाळाचा हिशोब कळलेला असतो, साठा कमी आणि ताजं जास्त. बाळ आधी 40 मिनिटं प्यायचं ते आता 7 मिनिटांत उरकतं, म्हणजे येत नाहीये? नाही, ते तरबेज झालंय. दिवसाला सहा वेळा शी करणारं बाळ आता चार दिवसांनी एकदा करतं, तेही फक्त आईच्या दुधावरच्या बाळात चालतं, मऊ होत असेल तर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दार वाजलं की सोडून बघतं, पंखा बघतं, परत लागतं, परत सोडतं, लोक म्हणतात बाळच नको म्हणतंय. आणि दोन-तीन आठवडे, सहा आठवडे, तीन महिने याच्या आसपास दोन-चार दिवस सारखं सारखं मागतं. रडण्याचाही कळस साधारण सहाव्या आठवड्याला असतो, ते बाटलीवरच्या बाळालाही असतो, पण तिथे कोणी फॉर्म्युलाला दोष देत नाही.

आणखी एक गंमत सांगते जी कळली की खूप जणी शांत होतात. फॉर्म्युला वयाप्रमाणे वाढवत न्यावा लागतो म्हणून वाटतं आपलंही वाढायला हवं. पण फक्त अंगावर पिणारं बाळ एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत साधारण तेवढंच पितं, दिवसाला सरासरी 750 ते 800 मिलीच्या आसपास. म्हणजे पहिल्या महिन्याला जमलं तर पाचव्या महिन्यालाही जमतंय.

पंपाबद्दल मात्र मला राग आहे, म्हणजे पंपावर नाही, पंपाकडे बघून दूध मोजण्यावर. "मी काढून बघितलं, 20 मिलीच निघालं." अहो, नुकतंच पाजून झालंय, समोर प्लास्टिकचं यंत्र घुं घुं करतंय, पान्हा कसा सुटेल. पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या हॉर्मोनने, आणि ते ताणात, दुखण्यात, लाजेत अडतं. शिवाय फ्लॅंज म्हणजे ते नरसाळं, बहुतेक पंपांसोबत 24 मिलिमीटरचं येतं आणि कित्येक बायकांना ते मोठं पडतं, निपल मोजून घेतलं आणि लहान लावलं की त्याच बाईचं दुप्पट निघालेलं मी पाहिलंय. ऑफिस सुरू झालं की हे सगळं एकत्र येतं, मीटिंग लांबली, एक पंपिंग चुकलं, दुसरं चुकलं, जागा म्हणजे बाथरूम किंवा स्टोअररूम, आणि दोन आठवड्यांत आवक खाली. तिथे बाईचं काहीच चुकलेलं नसतं. बाळ जितक्या वेळा प्यायलं असतं साधारण तितक्या वेळा काढायला वेळ आणि दाराला कडी असलेली खोली, एवढं मिळालं तर चालतं, नाही मिळालं तर कितीही इच्छाशक्ती असून चालत नाही. (साठवणीचं लगेच सांगून टाकते: काढलेलं ताजं दूध 25 डिग्रीपर्यंत बाहेर 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस.)

मदत या विषयावर थोडं कडू बोलणार आहे. बाळंतिणीला मदत म्हणजे सगळ्यांना बाळ हातात घ्यायचं असतं. "तू झोप, रात्रीची बाटली मी देतो" असं नवरा प्रेमाने म्हणतो, किंवा सासूबाई म्हणतात दे इकडे. मनापासून असतं, मला कळतं, आणि एखाद्या रात्री आई कोसळायला आलेली असताना तेच बरोबर असतं. पण पहिल्या सहा आठवड्यांत रोज रात्री सहा-सात तासांची सुट्टी म्हणजे नेमक्या त्या वेळची सुट्टी जेव्हा दूध बनवणारं हॉर्मोन, प्रोलॅक्टिन, सगळ्यात जास्त असतं. सकाळी छाती दगड, चार दिवसांनी सकाळीही मऊ. मदत करायची तर बाळ उठलं की उचलून आईजवळ आणून द्या, पिऊन झालं की ढेकर काढा, डायपर बदला, झोपवा, कपडे धुवा, आल्यागेल्याला दारातून परत पाठवा. पाजणं सोडून सगळं करा. एका नवऱ्याने मला विचारलं होतं मग मी बाळाशी बॉण्ड कसा करू, मी म्हटलं आंघोळ घाला, त्यात कोणी तुमच्याशी स्पर्धा करत नाही.

आता ती चूक. माझ्या कामाची सहा-सात वर्षं झाली होती, आत्मविश्वास भरपूर, "प्रत्येक बाईला दूध येतंच" हे वाक्य मी छातीठोक म्हणायचे. एक बाई आली, दोन्ही बाजू लांबट, निमुळत्या, मधे खूप अंतर, गरोदरपणात आकारात काही बदल झाला का विचारलं तर म्हणाली काहीच नाही. ती खूण आहे, दूध बनवणाऱ्या ग्रंथीच कमी असल्याची, आज मला लांबून कळेल. तेव्हा मी म्हटलं पाजत राहा, वरचं देऊ नका. ती पाजत राहिली. बाराव्या दिवशी बाळ 14 टक्के खाली, सुस्त, ॲडमिट करावं लागलं. बाळ व्यवस्थित झालं. पण ती बाई मला म्हणाली, मी तुम्हाला तीनदा फोन केला होता. तेव्हापासून मी ते वाक्य वापरत नाही.

तर खरोखर कमी दूध कोणाला असू शकतं: अशी ग्रंथींची कमतरता, ब्रेस्ट लहान करायची सर्जरी, थायरॉईड ताळ्यावर नसणं, वारेचा तुकडा आत राहिलेला, डिलिव्हरीत प्रचंड रक्तस्राव, पीसीओएस (बीजकोषांचा, हॉर्मोन बिघडवणारा त्रास) असलेल्या काही बायका. यातलं काही तुमच्या बाबतीत असेल तर आत्ताच डॉक्टरांना सांगून ठेवा. अशा आईने जे येतंय ते पाजायचं आणि उरलेलं फॉर्म्युलाने द्यायचं, त्यात हार वगैरे काही नाही.

घरी कसं ओळखायचं? छातीकडे बघू नका, रडण्याकडे बघू नका, डायपर बघा. पाचव्या दिवसापासून 24 तासांत निदान सहा जड ओले डायपर, शी काळी संपून पिवळी झालेली, 24 तासांत 8 ते 12 फीड, त्यात गिळण्याचा आवाज, आणि वजन पहिल्या तीन महिन्यांत रोज सरासरी 20 ते 30 ग्रॅम (रोज मोजू नका, आठवड्याला एकदा, त्याच काट्यावर). आणि थांबायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं ते केव्हा, तर बाळ उठवूनही उठत नाही, प्यायला जोर नाही, चौथ्या दिवसानंतरही डायपरवर विटेच्या रंगाचे डाग आहेत, शू कमी, कावीळ वाढत चाललीये, दोन आठवडे झाले तरी जन्मवजन गाठलेलं नाही. तेव्हा वरचं दूध द्यावं लागलं तर द्यायचंच, बाळाचं पोट पहिलं. फक्त सोबत प्रत्येक वेळी छाती रिकामी होत राहील हे बघायचं, आणि जमेल तितकं आपलंच काढलेलं दूध आधी.

मनाचं शेवटी लिहितेय पण ते शेवटचं नाही. काही जणींना पान्हा सुटायच्या अगदी आधी अर्धा-एक मिनिट, कधी थोडं जास्त, पोटात खड्डा पडल्यासारखं, भयंकर उदास वाटतं आणि मग निघून जातं. त्याला डी-मेर म्हणतात, तो हॉर्मोनचा खेळ आहे, बाळावर प्रेम नसल्याचं लक्षण नाही, नुसतं नाव कळलं तरी बायका रडतात माझ्यासमोर. आणि दिवस-दिवस उदास, झोप मिळत असून झोप लागत नाही, नको ते विचार येतात, तर ते पोस्टपार्टम डिप्रेशन असू शकतं, त्यावर इलाज आहे आणि पाजताना चालणारी औषधंही आहेत, सर्ट्रालिनसारखं औषध दुधात अगदी कमी उतरतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार आले तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणाला तरी सांगा. अशा वेळी बाईने पाजणं थांबवायचं ठरवलं तर मी तिच्या बाजूने उभी राहते. आणि काही जणींना मुळात पाजायचंच नसतं, विचार करून ठरवलेलं असतं, त्यांनाही मी लेक्चर देत नाही. डब्ल्यूएचओ म्हणतं सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं आणि त्याहून जास्त, ते बरोबरच आहे, पण जगभरात सहा महिन्यांच्या आतली फक्त आईच्या दुधावर असलेली बाळं 2023 च्या त्यांच्याच आकड्याप्रमाणे 48 टक्के आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त घरांत काहीतरी अडतंय आणि ते सगळं एकेका बाईच्या छातीत अडत नाहीये. फॉर्म्युलाच्या जाहिरातींवर 1981 पासून आंतरराष्ट्रीय कोड, म्हणजे बंधनं घालणारी नियमावली, आहे, तरीही बाळ किरकिरं आहे, झोपत नाही, थुंकतं असं म्हटलं की प्रत्येकाला एक वेगळा डबा विकायला तयार असतो.

तुमच्यासाठी, सातव्या महिन्यात: डिलिव्हरीनंतर पहिल्या तासात बाळ उघड्या अंगावर छातीवर मिळावं हे आत्ताच सांगून ठेवा, सिझर झालं तरी बऱ्याचदा जमतं. लॅच बघणारं माणूस कोण आहे त्याचा फोन नंबर आधीच घेऊन ठेवा, तिसऱ्या दिवशी रडत शोधायची वेळ नको. आणि दुसऱ्या रात्रीबद्दल नवऱ्याला आत्ताच वाचायला द्या.

आणि बहिणीचं. पाच आठवडे म्हणजे अजून उशीर झालेला नाही, बंद होऊन दोनच आठवडे झालेत, थेंब येत असतील तर अर्धी बाजी जिंकलेलीच आहे. बाळाला दिवसभर अंगाशी ठेवायचं, उघड्या अंगाला, आणि अर्धवट झोपेत असताना छातीला लावून बघायचं, भुकेने रडत असताना नाही, तेव्हा ते चिडतं. दिवसाला 8 ते 10 वेळा पंप किंवा हाताने काढायचं, रात्री निदान एकदा. फॉर्म्युला एकदम बंद करायचा नाही, कधीच नाही, दूध वाढेल तसा दर काही दिवसांनी थोडा थोडा कमी, वजन बघत बघत, बाळाच्या डॉक्टरांना सांगून. बाटली देताना आडवी धरून, मधे मधे थांबवत. दोन ते चार आठवडे लागतात, काहींचं पूर्ण येतं, काहींचं निम्मं येतं आणि निम्म्यावर त्या खुश असतात. पण त्याआधी तिला एकदा विचारा की तिला हे खरंच हवंय का, तुम्हाला वाटतंय म्हणून नको. हवं असेल तर पहिल्या तीन आठवड्यांत दुखत होतं का तेही विचारा, कारण दुखत असेल तर लॅच आधी दुरुस्त करायला लागेल, नाहीतर पंपाने आलेलं दूध परत तिथेच अडेल.